सिल्व्हर ओक : अंगणात लावण्याआधी

सिल्व्हर ओक हे नाव मराठी माणसाच्या कानांवर बहुतेक वेळा राजकारणाच्या बातम्यांतून पडते. शरद पवार यांच्या मुंबईतील निवासस्थानाचे ते नाव आहे. प्रत्यक्ष झाड मात्र पाचगणीच्या रस्त्यांवर किंवा कोडगू-चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत पाहिलेले असते. सरळसोट उंच खोड, नेच्यासारखी कातरलेली पाने, वारा आला की उलटून चमकणारी त्या पानांची चंदेरी पाठ आणि उन्हाळ्याच्या तोंडी सोनेरी-नारिंगी फुलांनी भरून जाणारा माथा. सहलीहून परतताना असे एखादे झाड आपल्याही घरासमोर असावे, अशी इच्छा मनात घेऊन येणारे पुष्कळ असतात. रोप मिळणे अवघड नसते, ते फारसे महागही नसते, आणि लावले की झपाट्याने वाढते. विचार करायचा तो वीस वर्षांनंतरचा : हे झाड तेव्हा कोणत्या अवस्थेत असेल, आणि कोणाच्या छपरावर झुकलेले असेल.

या नावातला ‘ओक’ मुळात ओक नव्हे. खरे ओक पेल्यात बसवल्यासारख्या दिसणाऱ्या गुळगुळीत फळांवरून ओळखू येतात. ते थंड प्रदेशातले वृक्ष. आपल्या देशात हिमालयाच्या उतारांवर बांज, मोरू, खरसू या नावांनी ते परिचित आहेत. सह्याद्रीत ते निसर्गतः उगवत नाहीत आणि कोकणपट्टीच्या दमट उष्म्यात त्यांची बाग करण्याचा हट्ट बहुधा वाया जातो. सिल्व्हर ओकचे कूळ वेगळे, मायदेशही वेगळा. ‘ग्रेव्हिलिया रोबस्टा’ असे त्याचे शास्त्रीय नाव असून ते प्रोटिएसी कुळातले झाड आहे. अलीकडे सुक्या मेव्याच्या दुकानांत दिसू लागलेली मॅकाडेमियाची बी याच कुळातली. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगत, क्वीन्सलँडचा दक्षिण भाग आणि न्यू साउथ वेल्सचा उत्तर भाग, तेथील नदीकाठची आणि पावसाळी रानातली ही जात. वनस्पतिसंग्राहक ॲलन कनिंगहॅम यांनी तिला दिलेले नाव १८३० मध्ये प्रसिद्ध झाले. ‘ग्रेव्हिलिया’ हा शब्द चार्ल्स फ्रान्सिस ग्रेव्हिल या इंग्रज उद्यानप्रेमीच्या नावावरून आला. लाकूड चिरले असता त्यावर ओकच्या लाकडासारखी रेशमी चकाकी दिसते, म्हणून तिकडच्या सुतारांनी त्याला ‘सिल्की ओक’ म्हटले. आपल्याकडे लाकडापेक्षा पानांची पाठ आधी डोळ्यांत भरली आणि ‘सिल्व्हर’ हा शब्द रूढ झाला.

भारतात हे झाड शोभेसाठी नव्हे, तर कामासाठी आले. एकोणिसाव्या शतकात चहा आणि कॉफीच्या मळेवाल्यांना विरळ सावली देणारे, लवकर वाढणारे आणि खोल मुळांचे झाड हवे होते. श्रीलंका आणि दक्षिण भारतातील मळ्यांत ते तेव्हापासून स्थिरावले. थंड हवेच्या ठिकाणी राहणाऱ्या इंग्रजांनी मग ते बंगल्यांभोवती आणि रस्त्यांच्या कडेलाही लावले. पाचगणीतल्या रांगा ही त्याच काळाची देणगी.

ओळख आणि फुलोरा

चांगल्या जागी सिल्व्हर ओक वीस ते तीस मीटर उंच होतो. कौलारू घरावर आणखी तीन-चार घरे रचली तरी त्याचा शेंडा वर उरेल. खोड सरळ, साल करडी आणि उभ्या भेगांची. आकार वर निमुळता होत जाणारा, त्यामुळे बुंध्याशी तो फार जागा अडवत नाही. पाने पंधरा ते तीस सेंटिमीटर लांब, दुहेरी कातरलेली, वरून गर्द हिरवी आणि खालून रुपेरी लव असलेली. कोरड्या दिवसांत जुनी पाने मोठ्या प्रमाणात गळतात, पण झाड पूर्ण उघडे पडतेच असे नाही.

फेब्रुवारीपासून मेपर्यंत केव्हातरी फुलोरा येतो. दात घासण्याच्या ब्रशाप्रमाणे एकाच बाजूला ओळीने फुले लागलेला हा तुरा पाहण्यासारखा असतो. या फुलांना वेगळ्या पाकळ्या नाहीत. स्त्रीकेसराचा लांब दांडा आधी कमानीसारखा वाकून बाहेर येतो आणि मग टोक सुटून ताठ होतो. सोनेरी तुऱ्याला ब्रशाचे रूप येते ते या शेकडो दांड्यांमुळे. फुलांत मकरंद भरपूर असल्याने मधमाश्या, सूर्यपक्षी, बुलबुल, मैना यांची सकाळपासून वर्दळ असते. रोप लावल्यावर साधारण सहा-सात वर्षे तरी फुलांची वाट पाहावी लागते. पुढे होडीच्या आकाराची, चोचीसारखे टोक असलेली, सुमारे दोन सेंटिमीटर लांबीची काळपट फळे धरतात. प्रत्येकात एक किंवा दोन चपट्या, कागदी पंखांच्या बिया असतात. एकट्या झाडाला बी फारसे धरत नाही, कारण परागण दुसऱ्या झाडाच्या परागकणांनी व्हावे लागते.

जागा : सगळे याच्यावर अवलंबून

सिल्व्हर ओकला मानवणारी हवा म्हणजे वर्षाला सातशे ते सतराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मध्ये काही कोरडे महिने, पाण्याचा झटकन निचरा होणारी खोल जमीन आणि शक्य तर समुद्रसपाटीपासून काही उंची. या कसोट्या डोळ्यांपुढे ठेवल्या की मराठी वाचकांच्या दोन शेजारी प्रदेशांतला फरक लगेच कळतो. बेळगाव शहर साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, पाऊस माफक आहे, उन्हाळ्याच्या रात्री गार होतात. तेथे हे झाड सुखाने नांदते. चोर्ला घाट उतरून खाली आले की चित्र पालटते. गोव्याच्या किनारपट्टीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवेत वर्षभर दमटपणा, समुद्रालगत खारा वारा. रोप येथेही जगते, सुरुवातीची काही वर्षे तर इतके जोमाने वाढते की लावणारा खूश होतो. पण पाणी साचणाऱ्या जमिनीत मुळे गुदमरतात, शेंड्याकडून फांद्या वाळू लागतात आणि भर तारुण्यात झाड थकल्यासारखे दिसू लागते.

गोव्यात आणखी एक अडचण जांभ्याची आहे. वरची वीतभर माती संपली की खाली कठीण चिरा लागतो. त्यात दोन फुटांचा खड्डा खणून रोप लावणे म्हणजे दगडी कुंडीत लावण्यासारखेच : पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून राहते आणि मुळांना खाली जायला वाट मिळत नाही. मग वीस मीटरचे झाड दीड फुटाच्या मातीवर उभे राहते.

याचा संबंध थेट घराच्या सुरक्षिततेशी आहे. सिल्व्हर ओकचे लाकूड दिसायला सुरेख असले तरी जिवंत फांद्या ठिसूळ असतात. जोराच्या वाऱ्यात त्या लवचिकपणे वाकत नाहीत, मोडतात. कॉफीच्या मळ्यात ही खोड खपून जाते, कारण तेथे झाडे एकमेकांच्या आडोशाने वाढतात, बाजूच्या फांद्या नियमित छाटल्या जातात आणि मोडलेली फांदी पडली तरी खाली कोणी झोपलेले नसते. अंगणातले एकटे झाड चारही बाजूंचा वारा अंगावर घेते. गोव्यात वादळी वारा ही कल्पनेतली गोष्ट राहिलेली नाही. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात राज्यभर झाडे रस्त्यांवर, घरांवर आणि वीजवाहिन्यांवर पडली होती.

म्हणून अंतराचा नियम कडक ठेवावा. घर, गोठा, विहिरीवरील पंपाची खोली, वीजतारा, शेजाऱ्याचे छप्पर यांपासून झाडाच्या अपेक्षित उंचीइतके अंतर असणे सर्वांत चांगले. ते जमत नसेल तर निदान दहा मीटर, आणि मग फांद्यांच्या छाटणीत हयगय नको. पाच-सहाशे चौरस मीटरच्या भूखंडावर घर बांधून उरलेल्या पट्टीत हे झाड बसत नाही, हे सरळ मान्य केलेले बरे. अशा अंगणाला बकुळ, सुरंगी, सीताअशोक किंवा ताम्हण ही आपल्या मातीतली झाडे अधिक शोभतात आणि पावसाळ्याशी त्यांचे जुने जमलेले आहे. मोठी बागायत, शाळेचे विस्तीर्ण आवार, सत्तरी-सांगेकडची निचऱ्याची उताराची जमीन असेल तर मात्र सिल्व्हर ओकचा विचार करायला हरकत नाही.

बी, रोप आणि लागवड

बियांपासून रोप करणे हीच सोपी रीत. फळे हिरवी असताना बी कच्चे असते आणि फळे तडकली की बी वाऱ्यावर उडून जाते. मधला अवधी थोडा असतो. हिरवा रंग तपकिरीकडे झुकू लागला की तुरे तोडून कागदावर सावलीत पसरावेत, दोन-चार दिवसांत फळे उमलून बी सुटते. ताजे बी लवकर पेरावे, कारण साध्या हवेत ठेवल्यास त्याची उगवणशक्ती काही महिन्यांत ओसरते. वाळू, माती आणि चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत समभाग घेऊन त्यात बी जेमतेम झाकले जाईल इतकेच खोल टाकावे. दोन ते चार आठवड्यांत कोंब येतात. चार पाने आली की एकेक रोप उंच पिशवीत हलवावे. मुख्य मूळ भरभर खाली जात असल्याने बुटकी पिशवी निरुपयोगी ठरते.

रोपवाटिकेतून विकत घेताना उंचीला भुलू नये. आठ-दहा फूट उंचीचे, लहान पिशवीत अडकलेले रोप दिसायला रुबाबदार असते, पण त्याची मुळे पिशवीच्या तळाशी वेटोळे घालून बसलेली असतात. ती वेटोळी पुढे सुटत नाहीत. झाड मोठे होते आणि पंधरा वर्षांनी एखाद्या वाऱ्यात मुळासकट आडवे होते. एक-दीड फुटाचे, एकच सरळ शेंडा असलेले, पिशवीच्या छिद्रांतून जाड मुळे बाहेर न आलेले रोप घ्यावे. लावताना पिशवी फाडून तळाची वळलेली मुळे धारदार चाकूने कापून टाकावीत. हे करताना हात कचरतो, पण ते टाळू नये.

घाटमाथ्यावर जूनच्या पहिल्या पावसानंतर लागवड करावी. किनारपट्टीत मात्र मुसळधार पावसाचे दिवस जाऊ द्यावेत. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात लावलेले रोप कुजण्यापासून वाचते, फक्त पुढच्या उन्हाळ्यात त्याला पाणी देण्याची जबाबदारी वाढते. खड्डा दोन फूट खोल, त्याहून रुंद असावा आणि खालचा जांभा पहारीने शक्य तितका फोडलेला असावा. जमीन सपाट असेल तर खड्ड्याऐवजी फूटभर उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावणे शहाणपणाचे. आधाराला काठी द्यायची तर दोन्ही बाजूंना दोन, सैल बांधलेल्या, आणि वर्षभरात काढून टाकायच्या. वाऱ्यात थोडे हलणारे खोडच जाड होते. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, बुंध्यापासून वीतभर दूर पालापाचोळ्याचे आच्छादन आणि वाळवीवर लक्ष, एवढे पुरते. तिसऱ्या वर्षापासून झाड आपले आपण पाहते.

खताच्या बाबतीत बहुतेक जण चुकतात. गोव्याच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, म्हणून भातशेतीला, माडाला, पोफळीला स्फुरद द्यायची सवय बागायतदाराच्या हाताला असते. तीच सवय सिल्व्हर ओकला घातक ठरू शकते. ऑस्ट्रेलियातील स्फुरदाने गरीब मातीत वाढताना या कुळातील झाडांनी एक खास व्यवस्था कमावली आहे : त्यांच्या मुळांना बारीक तंतूंचे दाट झुबके फुटतात, बाटली धुण्याच्या ब्रशासारखे, आणि ते मातीतला कणकण स्फुरद शोषून घेतात. अशा मुळांपुढे डीएपी, सुपर फॉस्फेट, हाडांचा चुरा किंवा कोंबडीखत ओतले तर पोषण जास्त होऊन विषबाधेसारखा परिणाम होतो. कोवळी पाने पिवळी पडतात, टोके जळतात, आणि मालक ते उपासमारीचे लक्षण समजून आणखी खत घालतो. या कुळातल्या इतर झाडांच्या मानाने सिल्व्हर ओक थोडा सोशीक आहे, तरी जुने शेणखत आणि पालापाचोळा यांपलीकडे त्याला काही देऊ नये.

छाटणी

झाड लहान असतानाच त्याला एक शेंडा ठेवावा. दोन शेंडे बरोबरीने वाढू लागले की त्यांच्या सांध्यात साल दबून राहते, सांधा कधीच एकजीव होत नाही आणि झाड पुढे तेथूनच उभे फाटते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बोटाएवढ्या जाडीची दुय्यम फांदी कापणे दोन मिनिटांचे काम असते. पंधराव्या वर्षी त्याच कामासाठी दोर, करवत आणि अनुभवी माणूस लागतो.

छाटणीचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी, हवा कोरडी असताना. मे महिन्यात, पावसाआधी, वाळलेल्या, तडकलेल्या आणि छपराकडे झुकलेल्या फांद्या पुन्हा एकदा पाहाव्यात. भर पावसात कापू नये, ओल्या जखमेवर बुरशी बसते. फांदी खोडाला मिळते तेथे एक फुगीर वळे असते; ते न दुखवता त्याच्या बाहेरून काप घ्यावा. नीट घेतलेला काप वर बोर्डो मलम लावला तरी भरतो आणि न लावला तरी भरतो. खोडाला घासून घेतलेला किंवा खुंटी ठेवून घेतलेला काप मात्र कोणत्याही मलमाने सुधारत नाही.

सर्वांत वाईट रीत म्हणजे उंची कमी करण्यासाठी मधूनच शेंडा उडवणे. सिल्व्हर ओक छाटणीला चटकन प्रतिसाद देतो, त्यामुळे कापल्या जागी वर्षभरात दहा-बारा फांद्या फुटतात आणि झाड पुन्हा हिरवेगार दिसते. त्या फांद्या फक्त सालीशी जोडलेल्या असतात. तीन-चार पावसाळ्यांत त्या मनगटाएवढ्या होतात आणि मग एकामागून एक ओघळतात. झाड खरोखरच धोकादायक उंचीला गेले असेल तर अर्धवट कापण्यापेक्षा ते काढून दुसरे लावणे योग्य.

छाटणी करणाऱ्याने पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. या झाडाची पाने आणि लाकडाचा भुसा यांमुळे काहींच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ उठते. फुले आणि फळे विषारी असल्याने लहान मुलांना ती तोंडात घालू देऊ नयेत. गळलेली पाने कुजायला वेळ घेतात. ती कौलांच्या पन्हळीत अडकून पहिल्याच पावसात पाणी घरात शिरते, म्हणून मेअखेर पन्हळी साफ करणे भागच आहे.

मळ्यातला धडा आणि कायद्याचा भाग

सिल्व्हर ओकचे एक विचित्र वैशिष्ट्य वनस्पतिशास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात १९६० च्या दशकात नोंदवले : मोठ्या झाडांच्या मुळांच्या सान्निध्यात त्याच जातीची रोपे तग धरत नाहीत. मायदेशी ते रानात विखुरलेले आढळते ते यामुळेच. नव्या भूमीत, जेथे दोन झाडांत अंतर मिळते, तेथे मात्र ते मोकाट पसरू शकते. हवाई बेटांवर ते उपद्रवी ठरले आहे. आपल्याकडे त्याचा पसार वाऱ्याने कमी आणि माणसाच्या हिशेबाने अधिक झाला. कोडगू आणि चिकमगळूरमध्ये कॉफीवर पूर्वी उंबर, फणस, नाणा, शिसव अशा रानातल्या झाडांची मिश्र सावली असे. सिल्व्हर ओकचे खोड सरळ, मिरवेल चढवायला उत्तम, आणि वीस-पंचवीस वर्षांत लाकूड विकता येणारे. त्यात कर्नाटकच्या १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने तोडीच्या परवानगीतून ज्या जातींना सूट दिली त्यांत सिल्व्हर ओक आहे. निलगिरी आणि सुरूही आहेत. देशी झाड तोडायला कागदपत्रे आणि या पाहुण्याला मोकळीक, म्हटल्यावर मळेवाल्याने काय लावले असेल हे वेगळे सांगायला नको. अनेक मळ्यांतली मिश्र सावली एकजिनसी झाली, आणि उंबरावर येणारे पक्षी उंबराबरोबर गेले.

गोव्यातील कुळागरात मिरवेल पोफळीवर चढते आणि सावलीला माड, फणस, आंबा असतात. त्या रचनेत सिल्व्हर ओक आणण्याची गरज नाही. शोभेचे झाड म्हणून तो कुळागराच्या बाहेरच्या हद्दीवर, उघड्या निचऱ्याच्या जागी, दोन-तीनच्या गटात लावला तर परागण होऊन बीही धरते आणि कोणाच्या मुळांवर तो बसत नाही.

कायद्याच्या बाबतीत घाटाच्या दोन बाजूंना दोन नियम आहेत, हे सीमाभागात जमीन असलेल्यांनी विसरू नये. बेळगावकडे आपल्या जमिनीतला सिल्व्हर ओक वरील सवलतीमुळे तोडता येतो. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे आणि स्वतःच्या अंगणातले झाड काढायचे तरी वन खात्यातील वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. बदल्यात नवी झाडे लावण्याची अटही असते. परवानगीच्या प्रक्रियेला वेळ लागतो. त्यामुळे छपराकडे कललेले, बुंध्याशी माती उचललेली किंवा भूछत्रे आलेली, एका बाजूने वाळलेले असे झाड असेल तर त्याचा अर्ज मेमध्ये आभाळ भरून आल्यावर नव्हे, दिवाळीनंतरच्या छाटणीच्या हंगामातच, छायाचित्रांसह करावा.

ज्यांना केवळ ती नेच्यासारखी चंदेरी पाने हवी आहेत, त्यांना जमिनीची आणि कायद्याची कसलीच चिंता नाही. युरोपात सिल्व्हर ओकची कोवळी रोपे कुंडीत वाढवून घरात ठेवण्याची जुनी पद्धत आहे. खोल कुंडी, वाळूमिश्रित माती, उजेडाची खिडकी किंवा व्हरांडा, वरची माती सुकल्यावरच पाणी आणि स्फुरदयुक्त खताला पूर्ण फाटा. एवढ्यावर रोप दोन-तीन वर्षे देखणे राहते. त्यानंतर खालची पाने गळून ते लांबट होते. तेव्हा ते घाटमाथ्यावर जागा असलेल्या एखाद्या आप्ताकडे पाठवावे आणि कुंडीत नवे बी पेरावे.